पेट्यांमध्ये नसलेली चार पुस्तकं

सदा, 'सातवी पाळी' मी वाचली नव्हती.

हे एवढं वाक्य तुझ्यासमोर म्हणायला मला बावीस वर्षं मिळाली होती. तू जाऊन तीन आठवडे झाले आणि मी ते आता लिहितोय, तुझ्याच टेबलापाशी बसून. आपल्या वाचनालयाच्या वार्षिक अंकात तुझ्यावर दोन पानं हवीत म्हणून समितीने मला सांगितलं, कारण तुझा सगळ्यात जुना मित्र मी. तू कुठे नोकरी केलीस, वाचनालय किती वर्षं बिनपगारी सांभाळलंस, हे दुसरं कुणीही लिहील. मला ते जमणार नाही. तुझ्याबद्दल चांगलं लिहायला बसलो की आधी माझंच आठवतं.

तू ते पुस्तक मला दिलंस तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात, तपासणी खात्यात नुकता लागलो होतो. पाळ्या बदलायच्या, झोपेचं गणित बसायचं नाही. तू म्हणालास, तुझ्याच कारखान्याची गोष्ट आहे, फक्त चंद्रावर नेलीय. मी हसलो. दोन महिने पुस्तक घरी फ्रिजवर पडून होतं. मग एक दिवस तू विचारलंस, मी म्हणालो आवडली. तुझा चेहरा असा काही उजळला की पुढे दुरुस्ती करायची सोय राहिली नाही. त्यानंतर तू माझ्याशी त्या पुस्तकाबद्दल वाचलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलत राहिलास. 'ते डब्याचं प्रकरण आठवतं ना?' असं विचारायचास आणि मी मान हलवायचो. बावीस वर्षं मान हलवली.

अंकाच्या वाचकांसाठी सांगायला हवं की हे पुस्तक कुणाचं. कुमुदिनी साखळकर, कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी पाच विज्ञान कादंबऱ्या लिहिल्या. छापणारा लहान प्रकाशक केव्हाच बंद झाला. परीक्षणं जवळपास नाहीतच. तुला त्या सापडल्या त्या बालविभागात. प्रकाशकाने 'मंद गुरुत्व'च्या मुखपृष्ठावर हिरवा एकडोळ्या राक्षस काढला होता, म्हणून आपल्या आधीच्या कुणीतरी ते पुस्तक लहान मुलांच्या कपाटात लावलं होतं. तू कपाट आवरताना ते उघडलंस आणि उभ्या उभ्या वाचत राहिलास. संध्याकाळी कुलूप लावायचं विसरलास, सुनीतावहिनी शोधत आल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणालास, "विल्या, आत राक्षस नाहीच रे. आई आणि मुलगी आहेत. एवढ्या माणसांनी पुस्तक हातात घेतलं असेल, कुणालाच कसं दिसलं नाही?"

मग तू प्रकाशकाच्या जुन्या पत्त्यावरून माग काढत टिटवाळ्याला बाईंच्या घरी पोचलास. बाकीच्या चार कादंबऱ्यांच्या त्यांच्याकडे उरलेल्या एकेक प्रती त्यांनी वाचनालयाला दिल्या. स्वतःकडे काहीच ठेवलं नाही. म्हणाल्या होत्या, माझ्या कपाटात वाळवी लागेल, तुमच्याकडे निदान माणसांचे हात लागतील.

तुझी शिफारस करायची पद्धत मला मनातून फसवणूक वाटायची. तू कधीच कुणाला सांगायचा नाहीस की ही विज्ञान कादंबरी आहे. ज्यांचा मुलगा परदेशात, त्यांना 'मंद गुरुत्व' देताना म्हणायचास, लांब राहणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. तहसील कचेरीतल्या माणसाला 'निवृत्त तारा' दिलास, एका कारकुनाची गोष्ट म्हणून. तो कारकून विझलेल्या ताऱ्यांची नोंद ठेवतो, हे त्या बिचाऱ्याला घरी जाऊन कळलं असणार. मी एकदा म्हटलं, लोकांना गंडवतोस. तू चिडला नाहीस. "कुठे गंडवतो? तीच गोष्ट आहे. बाईंनी फक्त अंतर वाढवलंय."

त्यावरून आपला जो वाद सुरू झाला तो कधी मिटलाच नाही. मी म्हणायचो, आपल्याकडे इमारतीत पंधरा मिनिटं पाणी येतं आणि तुला चंद्रावरचं वाचायचंय. तू म्हणायचास, बाईंच्या चंद्रावर पण नाहीच येत. वाच तर खरं. मग जीभ चावायचास, कारण तुझ्या समजुतीप्रमाणे मी एक तरी वाचलेली होती. "म्हणजे बाकीची वाच," असं सुधारून घ्यायचास. मी तुला स्वतःचं वाक्य सुधारायला लावायचो, सदा. चूक माझी असताना.

आता पुढचं.

वाचनालयाची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि आपल्याला मधल्या काळासाठी दोन खोल्या मिळाल्या. सगळी पुस्तकं मावणार नव्हती. समितीने ठरवलं की पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेलं पुस्तक काढून टाकायचं. नेमका तेव्हाच तू हॉस्पिटलात होतास, तुझ्या किडन्यांचं पहिल्यांदा कळलं ते दिवस. यादी करायचं काम मी माझ्याकडे घेतलं. मला ते सोपं वाटलं. कारखान्यात मी आयुष्यभर तेच केलं आहे. व्हॉल्व्ह तपासला असं कुणी तोंडाने सांगून चालत नाही, कार्डावर सही लागते. सही नाही म्हणजे तपासणी झाली नाही, माल बाजूला. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते. चिठ्ठी कोरी म्हणजे पुस्तक कुणी नेलं नाही. मी प्रत्येक पुस्तक मागून उघडत गेलो.

बाईंची चार पुस्तकं हाती आली. चारही चिठ्ठ्या कोऱ्या. एकही शिक्का नाही. नाव मी ओळखलं, हे इथे लिहायलाच हवं. हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो. मनात काय आलं तेही सांगतो. मनात आलं, सदा उगाच वर्षानुवर्षं बडबडतो, त्याच्याशिवाय कुणी वाचलेलं नाही हे. मीसुद्धा नाही. आणि ती चार पुस्तकं मी जाणाऱ्या ढिगावर ठेवली. त्याच दुपारी रद्दीवाल्याचा टेम्पो आला.

पाचवं तिथे नव्हतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

तू बरा होऊन आलास, म्हणजे आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाण्याइतका बरा. नव्या खोल्यांमध्ये अर्ध्या पेट्या बांधलेल्याच होत्या. तू कपाट पाहिलंस आणि मला विचारलंस, बाईंची चार दिसत नाहीत रे. त्या वेळी खरं बोललो असतो तर तू दोन दिवस बोलला नसतास, तिसऱ्या दिवशी रद्दीवाल्यांच्या दारोदार फिरला असतास, कदाचित एखादं मिळालंही असतं. मी म्हणालो, "कुठल्या तरी पेटीत असतील. सापडतील."

तू शोधायला लागलास. दर रविवारी एक पेटी. हाताला सुया टोचून टोचून गाठी आलेल्या, त्या हाताने वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून पेट्या मी उतरवून द्यायचो. तू स्टुलावर बसून एकेक पुस्तक काढायचास, फडक्याने पुसायचास, बाजूला ठेवायचास. मी तुला पेट्या उतरवून देत होतो, सदा, त्यात काही नाही हे माहीत असून. दीड वर्ष. मधे चहा पण आणायचो.

एका रविवारी तू आलास, स्टुलावर बसलास आणि म्हणालास, "आज राहू दे." नंतर पुन्हा कधी पेटी उघडायला सांगितलं नाहीस. पाच पेट्या उरल्या होत्या. तुला कळलं होतं का? मी हा प्रश्न या तीन आठवड्यांत इतक्या वेळा विचारलाय की आता त्याचा कंटाळा आलाय. कदाचित तुला फक्त दमायला झालं असेल.

तुझ्या दहाव्याच्या दिवशी संध्याकाळी मी वाचनालय उघडून बसलो होतो. मानपाड्याचे एक भोईर म्हणून आले. पन्नाशीचे, तिथल्या एका केमिकल कंपनीत आहेत. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. 'सातवी पाळी'. म्हणाले, तीन वर्षं झाली, सदाभाऊंनी दिलेलं, परत करायला मन होत नव्हतं, चार वेळा वाचलं. आज कळलं ते गेले, मग ठेवून घेणं बरं वाटलं नाही.

मी सवयीने पुस्तक मागून उघडलं. चिठ्ठी कोरी.

मी म्हटलं, याच्यावर तारीख नाही. भोईर म्हणाले, "नसणारच. ते कधी मारायचेच नाहीत बाईंच्या पुस्तकांवर. म्हणायचे, तुम्हाला एकच पुस्तक न्यायची मुभा, ते तुमच्या आवडीचं न्या. हे माझ्याकडून जादाचं, याचा हिशोब धरायचा नाही." मग कपाटाकडे बघत त्यांनी विचारलं, "सदाभाऊ बोललेले अजून चार आहेत. त्यातलं एखादं मिळेल का?"

मी म्हणालो, बघतो. त्या माणसालाही मी खोटंच बोललो.

ते गेल्यावर मी बसून राहिलो. इतकी साधी गोष्ट. सभासदाचं एक पुस्तक अडू नये म्हणून तू ही वरून द्यायचास, म्हणून शिक्का नाही. चिठ्ठ्या कोऱ्या होत्या कारण पुस्तकं सतत फिरत होती. मी तुझा मित्र, समितीचा सभासद, दर रविवारी तिथे हजर, आणि मला हे माहीत नव्हतं. माहीत झालं असतं; मी त्यातलं एखादं जरी खरंच वाचलं असतं आणि परत करायला आलो असतो, तर तू शिक्का मारत नाहीस हे मला दिसलं असतं. 'सातवी पाळी' परत देताना मी ती इतर पुस्तकांच्या गठ्ठ्यात घालून वहिनींच्या हाती दिली होती. तुझ्या नजरेला नजर द्यावी लागू नये म्हणून.

तेराव्याला वहिनींनी मला आत बोलावलं. तुझी खिशातली डायरी हातात दिली. "भावजी, हे तुमच्याकडे असू दे. औषधांच्या वेळा असतील म्हणून मी बघत होते, तर सगळं पुस्तकांचंच निघालं." पाच कादंबऱ्या, प्रत्येकीला दोन-तीन पानं, खाली नावं, नावापुढे एक ओळ. कुणापुढे 'बायकोलाही वाचायला दिली', कुणापुढे 'शेवट पटला नाही, भांडली'. भोईरांपुढे लिहिलं होतंस, 'मागू नये. त्याच्याकडे बरी आहे.' म्हणून तू चारच शोधत होतास.

'सातवी पाळी'च्या पानावर पहिलं नाव माझं. पुढे लिहिलंय, 'आवडली म्हणाला.'

बाकीच्यांपुढे 'आवडली' आहे, 'नाही आवडली' आहे किंवा पुस्तकाचं त्यांनी काय केलं ते आहे. 'म्हणाला' फक्त माझ्यापुढे. वहिनी बघत होत्या म्हणून मी डायरी मिटली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी 'सातवी पाळी' वाचली. सकाळी नऊला बसलो, संध्याकाळपर्यंत संपली. चंद्रावर एक कारखाना आहे, तिथे दिवसाच्या सात पाळ्या. सातव्या पाळीतला फिटर आणि तिसऱ्या पाळीतली त्याची बायको एकाच खोलीत राहतात, पण एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला. दोघं एकमेकांसाठी डब्यात एक घास मागे ठेवतात. तेवढंच बोलणं. मग एक अपघात होतो, सातवी पाळी बंद होते, त्याला बायकोच्याच पाळीत टाकतात. पहिल्यांदा दोघं समोरासमोर बसून जेवतात आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचत नाही. तो सवयीने एक घास डब्यात ठेवतो. ती पण. तिथे मी पुस्तक पालथं ठेवलं. माझ्या पहिल्या पाच वर्षांच्या संसाराबद्दल मी तुलाही कधी काही बोललो नव्हतो. तुला ते दिसलं होतं म्हणून तू ते पुस्तक मला दिलंस, हे मला बावीस वर्षांनी कळतंय. वाद घालायला आता तू नाहीस. मधला यंत्रांचा भाग लांबलाय, तेवढं मी तुला ऐकवलं असतं.

आणि मग टिटवाळ्याला गेलो. बाई आता भाचीकडे असतात, नव्या इमारतीत. पंच्याऐंशीच्या पुढे असतील. तू गेल्याचं वहिनींनी फोनवर कळवलं होतं. मला वाटलं त्या तुझ्याबद्दल बोलतील. त्यांनी आधी 'मंद गुरुत्व'बद्दल विचारलं.

तुला ते पुस्तक माहीत आहे, अंकाच्या वाचकांसाठी सांगतो. तिकडे मंगळावर जन्मलेली मुलगी, तिला जन्म देऊन पृथ्वीवर परतलेल्या आईला पुन्हा कधी न भेटलेली. तिच्या हाडांना इथलं वजन पेलणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. तरी ती निघते. बाई म्हणाल्या, "मला शेवट आठवत नाही रे. उतरते का ती? सदानंदला विचारलं तर सांगेना. म्हणाला, बाई, तुमच्या शब्दांतच वाचा, वाचकाकडे गेलंय पुस्तक, आलं की आणतो. फार दिवस ठेवलं हो त्या वाचकाने. तू आणलंस का?"

मी म्हणालो, "बाई, ते वाचकाकडे नाही. मी रद्दीत दिलं."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय दिलंस?"

मला ते पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. स्वयंपाकघरात मिक्सर बंद झाला. "रद्दीत दिली, बाई. चारही. मीच. न वाचता."

मग सगळंच सांगितलं. चिठ्ठ्यांचं, पेट्यांचं, रविवारचं. त्या खिडकीकडे बघत होत्या, समोर एक इमारत वर चढते आहे. मग त्यांनी विचारलं, त्याला माहीत होतं का. मी म्हणालो, मला माहीत नाही, मी सांगितलं नाही. "आणि तू पेट्या उतरवून देत होतास?" मी म्हणालो, हो. पिशवीतून 'सातवी पाळी' काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी कव्हर काढलं नाही, वरूनच हात फिरवला.

"मला राग आलाय," त्या म्हणाल्या. "जाईल की नाही ते मला आत्ता सांगता यायचं नाही. पुस्तकं माझी होती, ते आपण बघू. पण शोधत तो होता. त्याला सांगितलंस का?"

मी म्हणालो, तो गेला, बाई.

"मला ठाऊक आहे. सांगितलंस का?"

उतरलो तेव्हा जिन्यात थोडा वेळ बसलो. परवापासून तुझ्या डायरीतल्या 'मंद गुरुत्व'च्या पानावरच्या नावांकडे जायला लागलोय. आतापर्यंत दोघांकडे झालं. एका आजी म्हणाल्या, मुलगी उतरते, अकरा दिवस जगते आणि ते अकरा दिवस आईच्या मांडीवर असते. दुसरे गृहस्थ ठाम आहेत की ती उतरत नाही, वरून फेऱ्या मारते आणि आई गच्चीवर उभी राहून पांढरी साडी हलवते. दोन्ही लिहून घेतलंय, बाईंना नेऊन देणार आहे. अजून बरीच नावं आहेत. आणि हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्यांच्या घरात, माळ्यावर, हिरव्या राक्षसाचं चित्र असलेलं पुस्तक असेल, तर ते मुलांचं नाही. ते वाचा आणि मला कळवा. मी ते तुमच्याकडून मागून नेईन, आणि पुढे कुणाला वाचायला देताना शिक्का मारणार नाही.

भोईरांनाही परवा सांगून आलो. ते फाटकापर्यंत सोडायला आले.

आता तूच राहिलास. सदा, मी न वाचता आवडली म्हणालो. तुझी चार पुस्तकं मी माझ्या हाताने टेम्पोत टाकली. ती पेट्यांमध्ये नव्हती आणि मला ते पहिल्या रविवारपासून माहीत होतं. तू सुया टोचलेल्या हाताने शोधत होतास आणि मी बघत होतो. माझं चुकलं. मला माफ कर.